म्हशीला सांगितलेल्या गोष्टी

सुरुवातीलाच माफी मागतो. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि परीक्षेतल्या उत्तरांपलीकडं आजवर मी काही लिहिलेलं नाही. त्यात माझं लग्न झालेलं नाही आणि बाळंतिणीच्या खोलीत मी कधी डोकावलेलोही नाही. तरी अंगावर पाजणाऱ्या आयांच्या मलमाबद्दल लिहायला बसलोय. आईला हे कळलं तर ती आधी हसेल आणि मग विचारेल, "तुला दुसरं कायच सुचलं न्हाई व्हय रं?" खरंच सुचलं नाही. रामलिंग तात्यांबद्दल लिहायचं तर हा विषय बाजूला ठेवता येत नाही. कुठं कमीजास्त झालं तर मोठ्यांनी, विशेषतः बायकांनी, सांभाळून घ्यावं.

रामलिंग तात्या आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. भूमपासून थोडं आत आमचं गाव. आमच्या भागात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ, त्यातली एक तात्यांची. वय साठीच्या पुढं, अंगानं वाळलेले, कपाळाला विभूती, आणि मिशा अशा की बाकीच्या शरीराचं सगळं खाणंपिणं त्यांनाच पोचत असावं. त्यांची एक सवय सांगितली की माणूस लक्षात येईल. गावातली एखादी बाई मलम कसं लावायचं ते विचारायला आली की तात्या तिच्याकडं पाठ करतात, म्हशीकडं तोंड करतात आणि जे सांगायचं ते म्हशीला सांगतात.

"चंद्रे, ध्यान देऊन ऐक. ही म्हशीची गोष्ट हाय. लेकरू पिऊन झालं की आधी आपलंच दूध दोन थेंब लावायचं आन वाऱ्यावर वाळू द्यायचं. मग हे लावायचं, हरभऱ्याएवढं. थापायचं न्हाय. परत पाजायच्या आधी मऊ फडक्यानं पुसून घ्यायचं. साबण तिथं लावायचाच न्हाय, बिलकुल न्हाय. साबणानं कातडं आणिक वाळतं. कळलं का?"

चंद्री रवंथ करत असते. मागं उभी असलेली बाई पदराआड हसत "व्हय" म्हणते. तात्या म्हशीच्या मानेवर थाप मारून म्हणतात, "शाबास."

आता यात हसण्यासारखं आहे, हे तात्यांनाही माहीत आहे. पण त्यांचीही अडचण समजून घ्यायला हवी. गावच्या लेकीसुनांसमोर थोरल्या माणसानं असलं बोलायचं तरी कसं? आणि न बोलून तरी कसं चालेल? चुकीचं लावलं तर त्रास त्या पोरीलाच होणार. चंद्री मधे उभी राहिल्यामुळं दोन्ही बाजूंची लाज राहते. चंद्रीच्या आधी मैना नावाची म्हैस होती, तिच्या आधी आणखी एक. आमच्या गल्लीत असं म्हणतात की बाळंतपणातलं सगळ्यात जास्त ज्ञान तात्यांच्या म्हशींना आहे.

मलम म्हणजे दुसरं काही नाही, धुतलेलं तूप. घरच्या लोण्याचं तूप तांब्याच्या परातीत घ्यायचं, त्यात थंड पाणी घालायचं आणि तळहातानं गोल गोल फेसत राहायचं. पाणी ओतून द्यायचं, नवं घालायचं, परत फेसायचं. हळूहळू तुपाचा पिवळेपणा जातो, कण जातात, वासही जातो, आणि परातीत सायीसारखं पांढरंशुभ्र, हाताला गार लागणारं काहीतरी उरतं. किती वेळा धुवायचं, असं मी एकदा विचारलं होतं. तात्या म्हणाले, "मोजाय बसलास तर मोजण्यात ध्यान जातं. वास गेला की झालं." शेवटी ते बोटावर थोडं घेऊन चाटतात. प्रत्येक वेळी, कुणीही समोर असो. "जे लेकराच्या तोंडात जाणार, ते आधी आपल्या जिभंवर."

ह्या मलमाची सुरुवात खरोखर म्हशीपासून झाली. थंडीत मैनेच्या सडांना भेगा पडायच्या, ती लाथा मारायची, तेव्हा तात्या तिला धुतलेलं तूप लावायचे. माझी ताई पहिल्या बाळंतपणाला आली आणि तिला पाजताना रडू यायला लागलं, तेव्हा आईनं भिंतीपलीकडं बघून ते तूप मागून आणलं. समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं बया, म्हशीचं औषध लेकीला?" त्यावर आई जे बोलली ते लिहिताना माझा हात अडतोय, पण गावात ते अजून सांगितलं जातं म्हणून लिहितो. आई म्हणाली, "म्हशीला चार हायत तरी बरी झाली. माझ्या पोरीला दोनच हायत, लौकर बरी हुईल."

ताई बरी झाली. मग एकीचं बघून दुसरी यायला लागली. पण तात्यांनी एक अट घातली. तयार डबी कुणालाच द्यायची नाही. बायकोला हवं असेल तर नवऱ्यानं स्वतः येऊन, भट्टीपाशी बसून, परातीत तूप धुवायचं. "ज्याचं लेकरू त्यानं धुवायचं," एवढंच ते म्हणतात. का, ते सांगत नाहीत.

या अटीत सापडलेले पहिले गृहस्थ म्हणजे आमचे दाजी; ताईला बरं वाटलं तरी अजून थोडं तूप हवं होतं. पुण्याला कंपनीत असतात. पांढरे बूट घालून, गाडीची किल्ली बोटात फिरवत ते तात्यांच्या दारात गेले. मी बरोबर होतो.

"तात्या, ते मलम द्या. घाईत हाय."

"बसा जावई. ही परात, हे तूप, ते पाणी."

दाजी हसले. त्यांना वाटलं, सासरच्या गावची थट्टा आहे. "तात्या, मी कंपनीत सुपरवायझर हाय."

"मग तर लई झ्याक झालं. नजर ठेवायची सवय हाय तुमाला. तुपावर ठेवा."

दाजींनी बूट काढले, बाह्या वर केल्या. तोवर भट्टीवर दूध घालायला आलेली मंडळी कडेनं बसली. "दाजी, जोर लावा, डाळ न्हाई घोटायची." "आरं, फोटो काढा रं कुणीतरी, कंपनीत पाठवू." दाजींचं तोंड लाल झालं. पण हळूहळू त्यांचा हात लागला. बोलणी थांबली. परातीतलं तूप पांढरं व्हायला लागलं तसं तेही त्यात गुंतले, आणि मान वर न करता त्यांनी विचारलं, "तात्या, एवढं दुखतं व्हय हे?"

तात्या उलथण्यानं कढईतला खवा हलवत होते. म्हणाले, "मला काय इचारता? घरी जाऊन तिला इचारा."

दुसऱ्या खेपेला दाजी पुण्याहून येताना क्रीमची ट्यूब घेऊन आले. गुलाबाच्या वासाची, बाहेर बाळाचं चित्र. तात्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि दाजींपुढं धरली. "चाटा."

"तात्या, हे चाटायचं न्हाई, लावायचं असतंय."

"लेकराला ते कोण सांगणार?"

दाजींनी चाटलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ते कोपऱ्यात जाऊन थुंकून आले. तात्या शांतपणे म्हणाले, "तुमाला थुकता आलं. लेकराला थुकता येत न्हाई." ती ट्यूब पुढं कितीतरी दिवस आमच्या देवळीत पडून होती. शेवटी दाजींनीच ती बुटांना लावून संपवली.

तात्यांना सगळं येतं असा मात्र त्यांचा दावा नाही. आमच्या उपकेंद्राच्या सिस्टर एकदा वाट वाकडी करून त्यांच्या दारात आल्या. म्हणाल्या, "तात्या, तूप चांगलंय, पण नुसत्या तुपानं भागत नाही. भेगा मुळात पडतात कशानं? लेकरू नुसतं टोक धरतं म्हणून. त्याचं तोंड मोठं उघडलं पाहिजे, भोवतीचा काळा भागसुद्धा तोंडात गेला पाहिजे." सिस्टर हे सगळं मोठ्यानं, समोरासमोर बोलत होत्या. तात्यांचे कान लालबुंद झाले. ते म्हशीकडं वळले, पण शब्द न् शब्द ऐकत होते. "आणि गाठ आली, ताप आला, तर तूप चोळत बसू नका म्हणावं. दवाखान्यात यायचं."

"चंद्रे, ऐकलंस का सिस्टरबाई काय म्हणत्यात?" तात्या म्हणाले.

तेव्हापासून म्हशीच्या गोष्टीत ह्या दोन्ही गोष्टी आल्या. नंतर एकदा सिस्टरांनी भिंतीआडून तात्यांचं बोलणं ऐकलं आणि आईला म्हणाल्या, "पुढच्या ट्रेनिंगला मी ह्या म्हशीलाच पाठवते."

तात्यांच्या घरात तात्या एकटेच. बायको लवकर गेली, तेव्हा राजश्री, त्यांची एकुलती एक मुलगी, नुकती शाळेत जायला लागली होती. तिची वेणी तात्याच घालायचे. ती इतकी घट्ट असायची की राजश्रीच्या भुवया दिवसभर वर ओढलेल्या दिसायच्या आणि बाईंना वाटायचं, हिला सगळ्याचं आश्चर्य वाटतंय. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न होऊन ती कळंबला गेली, आणि यंदा तिला दिवस गेल्याची बातमी आली.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. तात्यांनी त्या दिवसापासूनच तयारी धरली. आतली खोली चुन्यानं रंगवली. खिडकीला जाळी बसवली. बाज नव्यानं विणून घेतली. आईशी बोलायचं तरी ते म्हशीलाच मधे घालतात, त्यामुळं सकाळच्या वेळी भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "चंद्रे, डिंकाचे लाडू करायचे तर डिंक कुठला आणावा म्हणतीस?" आणि भिंतीअलीकडून भांडी घासता घासता आई म्हणायची, "बाभळीचा आणावा म्हणावं." तूप धुणंही चालूच होतं. कुणी मागायला आलेलं नसलं तरी ते परात घेऊन बसत. डबी भरून ठेवत, ती जुनी झाली की म्हशीला लावून टाकत आणि नवी भरत. दर वेळी चाटून बघत. भट्टीवरचे लोक म्हणायचे, "तात्या, लेक यायच्या आधी तुमीच गोलमटोल होताव." तात्या मिशीवरून हात फिरवून हसायचे.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो तेव्हा कळंबहून जावई आणि विहीणबाई आल्या. विहीणबाई अंगानं भारदस्त, बोलायला सरळ. अंगणात खाटेवर बसून त्यांनी पाणी पिऊन घेतलं, चहा घेतला आणि मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "व्याहीबुवा, राग मानू नगा. पोरीचं बाळंतपण आमी तिकडंच करावं म्हणतो."

तात्यांचा मिशीवरून फिरणारा हात थांबला.

"तुमच्या घरात बाईमाणूस न्हाई. राती लेकरू रडलं तर कोण उठणार? तिला न्हाऊ कोण घालणार? शेक कोण देणार? तुमी?"

आमच्या आईला राहवलं नाही. "म्या हाय की. मधे एक भिताड तर हाय."

"तुमी चांगल्या हाव बाई. पर तुमाला तुमचं घर हाय. दुसऱ्याच्या बाळंतिणीला एक दिस उठाल, दोन दिस उठाल."

खरं म्हणजे त्यांचं काही चुकत नव्हतं, आणि ते सगळ्यांना कळत होतं. म्हणूनच जास्त अवघड झालं. तात्या उठले. विहीणबाईंकडं पाठ केली आणि चंद्रीपाशी जाऊन उभे राहिले.

विहीणबाईंनी मुलाकडं बघितलं. "हे काय आता?"

"आई, त्यांची तशी सवय हाय," जावई हळूच म्हणाले.

"चंद्रे," तात्या म्हणाले, "त्यांचं बरोबर हाय. घरात बाईमाणूस न्हाई." मग बराच वेळ ते तिच्या पाठीवरचं गवत काढत राहिले. "पर तुला एक सांगतो. राजीची आई ह्याच घरात बाळंतीण झाली. माहेर न्हवतं तिला, म्हणून हितंच. लेकराला जवळ घेतलं की दात खायची. भिताडाच्या अल्याड मला ऐकू यायचं. आमची म्हातारी म्हणायची, सगळ्याच बायांला होतंय, त्यात काय एवढं. आन माझ्या हातात परात हुती. म्हशीसाठी धुतलेलं तूप हुतं तिच्यात. दारापतुर गेलो. हुबा ऱ्हायलो. गड्यानं आत कसं जायचं? काय म्हणून द्यायचं? परत आलो. रोज जायचो, रोज परत यायचो. ते तूप म्हशीलाच लावलं." त्यांनी चंद्रीच्या मानेवर हात ठेवला. "ती कवा बोलली न्हाई. तिला ठाऊक बी न्हवतं. आता राजीला तसं व्हायला लागलं तर ती तिकडं, म्या हिकडं. एवढंच हाय. बाकी त्यांचं बरोबर हाय."

जावई खाली मान घालून बसले होते. आईनं पदर डोळ्याला लावला.

विहीणबाई उठल्या. मला वाटलं, त्या निघाल्या. पण त्या हळूहळू चालत म्हशीच्या पलीकडच्या अंगाला गेल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हशीबाई, तुज्या मालकाला सांग, घरात चारचौघांला इचारून निरोप देते. आन चहात साखर कमी घालत जा म्हणावं. गोडमिट्ट झाला हुता नुसता."

त्यांनी "हो" म्हटलं नाही आणि "नाही"ही म्हटलं नाही.

सुट्टी संपून मी धाराशिवला परत निघालो तेव्हा तात्या मला स्टँडपर्यंत सोडायला आले. होस्टेलच्या पोरांसाठी खव्याचा पुडा दिला. ते मला नावानं हाक मारत नाहीत, 'कॉलेज' म्हणतात. एसटी यायला वेळ होता. ते बाकावर बसून रस्त्याकडं बघत म्हणाले, "कॉलेज, तुमच्या पुस्तकांत इहिणीला पटवायचं काय लिवलंय का रं?"

मी म्हणालो, "माझा विषय इतिहास हाय तात्या."

"मग त्यात तर आसलंच पायजे. एवढे राजे होऊन गेले, त्यास्नी इहिणी नसतील का?"

मी हसलो. तेही हसले. मग गाडी वळणावर दिसली तेव्हा ते अगदी हळू म्हणाले, "निरोप येईना रं अजून." तिथं म्हैस नव्हती. हे ते मलाच म्हणत होते. मी पुडा धरून गाडीत चढलो.

पुढचे दिवस मी आईच्या प्रत्येक फोनला तेच विचारायचो. आई म्हणायची, "काय न्हाई अजून." मग सांगायची, तात्यांनी न्हाणीची चूल नव्यानं लिंपली, तात्यांनी पाळण्याच्या कड्या काढून घासल्या. एकदा म्हणाली, "काल परात घेऊन बसले हुते, पर फेसत न्हवते. नुसते बसले हुते." त्यानंतर मी विचारायचं बंद केलं. ती आपणहून सांगेल तेव्हा सांगेल.

आज दुपारी मी मेसमध्ये ताटावर बसलो असताना तिचा फोन आला. मागं गल्लीतला गलका ऐकू येत होता.

"अरं, राजी आली! जीप करून आली. आन संगं कोण आलंय सांग."

"जावई."

"जावई तर हायतच. विहीणबाई आल्यात! पेटी घेऊन, वळकटी घेऊन. उतरल्या उतरल्या म्हणाल्या, ह्या घरात बाईमाणूस न्हाई म्हणून अडलं हुतं न्हवं? मग म्या हाय की बाईमाणूस. सव्वा म्हैना होस्तवर हालत न्हाई म्हणाल्या हितनं. सुनेच्या माहेराला सासू ऱ्हायला आलेली कवा बगितलीस का तू?"

मी ताटावरून उठून उभा राहिलो. शेजारचा पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मी विचारलं, "आन तात्या? तात्या काय म्हणाले?"

"काय म्हणत्यात! खवा आटत आला हुता, भट्टीवर हुते. जीप बगितली आन उलथणं तसंच कढईत सोडून गेले, ते पेटी खाली उतरवून घ्यायला लागले. कुणाला हात लावू देईनात. अख्खी कढई करपली बग आज त्यांची. गल्लीभर वास सुटलाय, आन कुणीबी तात्यांला सांगंना झालंय."